पुणे विरुद्ध मुंबई: भांडण दोघांचं, पाणी तिसऱ्याचं

मोबाइल उघडा आणि मराठी रील्स बघत बसा. पाच-दहा मिनिटांत कुठेतरी एक पुणेकर आणि एक मुंबईकर भांडताना सापडतातच. पुण्याचा माणूस दुपारी एक ते चार झोपतो, मुंबईचा लोकलच्या दारात लटकतो. पुण्याचा दारावर पाटी लावतो, मुंबईच्याला पाटी वाचायला वेळ नसतो. खाली कॉमेंटमध्ये दोन्हीकडची फौज उतरते आणि रील बनवणाऱ्याचे व्ह्यूज वाढतात. मीही हसतो हो. चांगलं असेल तर फॉरवर्डसुद्धा करतो.

पण आजच्या भागात मला जरा मागे जायचंय. शहरं काही स्वतःहून भांडत नाहीत. त्यांचं भांडण कुणीतरी लिहावं लागतं, छापावं लागतं, रोज सकाळी दारात टाकावं लागतं. तर पुणे-मुंबईचं भांडण आपल्याला सांगितलं कुणी? आणि ते सांगताना कुणाचं नाव गाळलं?

सुरुवात करू १८१७ पासून. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा चढला आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. विचार करा, राजधानीचं शहर आहे. दरबार, फौज, कारकून, दक्षिणा, सगळं त्या एका वाड्याभोवती फिरतंय. आणि एका वर्षात वाडाच बंद. तिकडे मुंबई म्हणजे कंपनीचं बंदर, कापूस आणि अफूचा व्यापार, नवीन कचेऱ्या, नवीन शाळा. ज्याला काम हवं तो आता घाट उतरून मुंबईला जाणार. पुण्याकडे उरला मान, मुंबईकडे गेला पैसा. दोन शहरांतली पहिली ठिणगी ही.

छापखानेही मुंबईत आधी रुजले. पहिलं मराठी वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, ते मुंबईतच. काढणारे बाळशास्त्री जांभेकर मूळचे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. म्हणजे मुंबईचं पहिलं मराठी पत्र काढणारा माणूस जन्माने मुंबईकर नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे परत परत असंच होणार आहे.

आता मला फार आवडणारी एक गोष्ट. मुंबईत भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' नावाचं पत्र होतं. १८४८ पासून त्यात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं यायला लागली. दोनेक वर्षांत शंभराच्या वर पत्रं झाली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणून ओळखतो. या पत्रांत पुण्याच्या जुन्या वळणाच्या ब्राह्मणांवर जोरदार टीका होती. तुम्ही शिकत नाही, उद्योग करत नाही, जुन्या वैभवाच्या गप्पा मारत बसता, असा सगळा सूर. वाचणाऱ्याला वाटेल, मुंबईच्या पेपरने पुण्याला झोडपलं. पण लिहिणारा कोण? गोपाळ हरी देशमुख. जन्म पुण्याचा, १८२३ चा! म्हणजे पुण्याचा माणूस पुण्याचंच उणं काढतोय, आणि जागा देतोय मुंबईचा पेपर.

बरं, त्याच १८४८ साली पुण्यातच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले मुलींची शाळा सुरू करत होते. आता सांगा, पुणं सनातनी की सुधारक? दोन्ही. एकाच वेळी, काही गल्ल्यांच्या अंतरावर.

१८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश' सुरू झालं, १८६२ मध्ये मुंबईत 'इंदुप्रकाश'. आणि १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी होती, खालून मुंबईपर्यंत गाडी होती, पण मधला घाट पालखीने नाहीतर तट्टावरून पार करायला लागायचा. आता एका गाडीत बसलं की दुसऱ्या शहरात. माणसांबरोबर टपाल आलं, टपालाबरोबर पेपर आले. इकडे छापलेल्या टीकेला तिकडून उत्तर यायला फार दिवस लागेनात. आजच्या भाषेत सांगायचं तर रिप्लायचा स्पीड वाढला. हा घाट खोदताना हजारो मजूर राबले आणि त्यातले कितीतरी अपघातांनी, रोगराईने तिथेच गेले. त्यांची गावं कुठली, नावं काय, हे दोन्ही शहरांच्या आठवणीत नाही.

१८८० च्या दशकात खरा रंग भरला. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' निघाले. केसरी म्हणजे पुण्याचा आवाज, असं आपण आजही म्हणतो. तो आवाज काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्याचे खरे. पण टिळक जन्मले रत्नागिरीत आणि केसरीचे पहिले संपादक आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे.

मग आला संमतिवयाचा वाद. मुंबईतले पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणं काढली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देत होती. १८८५ मध्ये तिने 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'ला पत्रं लिहिली. तिकडे केसरी तिच्या विरोधात उभा. पुढे संमतीचं वय दहावरून बारा करणारं विधेयक आलं, तेव्हाही केसरीने विरोध केला. आमच्या घरातल्या रीतिभातीत परक्या सरकारने हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

इथून एक चित्र तयार झालं आणि ते आजपर्यंत टिकलं: मुंबई म्हणजे इंग्रजाळलेली, सुधारलेली, पुणं म्हणजे कर्मठ, ताठ. आता या चित्राला जरा खरवडून बघू. केसरीशी पटेना म्हणून आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. कुठून? पुण्यातूनच. कायद्याच्या बाजूने असलेले रानडे, भांडारकर पुण्यातच राहत होते. आणि रखमाबाईंना नांदायला बोलावणारा, कोर्टात खेचणारा नवरा? तोही मुंबईचाच. वाद दोन शहरांत नव्हताच. तो प्रत्येक शहराच्या आत होता, प्रत्येक घराच्या आत होता. पण 'पुणे विरुद्ध मुंबई' असं म्हटलं की सगळं कसं सोपं होतं. आपल्याच आळीतल्या माणसाशी भांडण्यापेक्षा घाटाखालच्या माणसाशी भांडणं केव्हाही बरं.

आणि ज्यांच्यावर हा वाद चालला होता, त्या दहा-बारा वर्षांच्या मुली? पानंच्या पानं छापली गेली, पण त्यांचा स्वतःचा आवाज त्यात जवळजवळ नाही. रखमाबाईंची पत्रं हा अपवाद, आणि तिलाही स्वतःचं नाव झाकूनच लिहावं लागलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या, हेही सांगून ठेवतो.

हीच गोष्ट 'दीनबंधू'ची. सत्यशोधक विचाराचं हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं. चालवणं अवघड झालं, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून काढायला सुरुवात केली. शेतकऱ्याचं, गिरणी कामगाराचं दुखणं छापणारं पत्र पुण्याहून मुंबईला गेलं आणि त्याचा मजकूर दोन्हीकडच्या गरिबाला लागू पडत राहिला. पुणे-मुंबईच्या भांडणाच्या गोष्टीत मात्र दीनबंधूचं नाव तुम्हाला फारसं ऐकू येणार नाही. कारण त्याच्यासाठी रेघ शहरांमधून जातच नव्हती.

१९०८ साली तर ही रेघ पार पुसली गेली. केसरीतल्या लेखांबद्दल टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. संप कुणी केला? मुंबईच्या गिरणी कामगारांनी, सहा दिवस. रत्नागिरी-साताऱ्याकडून पोट भरायला आलेल्या या माणसांना टिळक 'पुण्याचे' वाटले नाहीत. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले तेही मुंबईत, सरदारगृहात. आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले चौपाटीवर.

आता येतो त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी मी हा सगळा भाग करायला घेतला. मुळशी.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्री. तिथे तुफान पाऊस. त्या पाण्याची मुळा नदी होते, ती पूर्वेला पुण्याकडे वाहते, पुढे भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळते. मुळशीच्या खोऱ्यात भाताची खाचरं, आंबेमोहोर पिकवणारे मावळे शेतकरी. आणि मुंबईला तेव्हा हवी होती वीज. गिरण्यांसाठी, कारखान्यांसाठी. टाटा कंपनीने योजना आखली: नीला आणि मुळा नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचं, पूर्वेला जाणारं पाणी अडवून पश्चिमेला वळवायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. कोळसा वाचेल, गिरण्यांना स्वस्त वीज मिळेल, लोकांना काम मिळेल, असं समर्थन होतं, आणि त्यात तथ्य होतंच. पण त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांना झळ पोचणार होती. जमीन घ्यायला हाताशी होता सरकारचा १८९४ चा भूसंपादन कायदा.

१९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट या आंदोलनातूनच 'सेनापती' बापट झाले. मावळ्यांच्या बायका-पोरांसकट माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना विचार करायला सांगितलं. केसरीने या लढ्याला जागा दिली. तीनेक वर्षं लढा चालला, तुटला, परत उभा राहिला. १९२४ च्या शेवटी बापटांनी धरणाच्या कामगारांची गाडी अडवली, गोळ्या झाडल्या, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण थांबलं नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

ही गोष्ट 'पुणे विरुद्ध मुंबई' म्हणून सांगायला किती सोपी आहे बघा. मुंबईच्या भांडवलदाराने पुण्याच्या मावळ्याची जमीन गिळली! खलनायक तयार, नायक तयार. पण जमिनीचे कागद उघडले की गोष्ट वाकडी वळते. मुळशीतली बरीच जमीन कसणाऱ्याच्या नावावर राहिलेली नव्हती. ती गहाण पडून पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला तिचा चांगला भाव मिळाला तरी चालणार होता. सरकारने नुकसानभरपाईचं बोलणं पुढे केलं तेव्हा ही फट रुंद झाली आणि लढ्याची ताकद तिथेच गळाली.

म्हणजे मुळशी मुंबईच्या विजेखाली बुडाली, आणि त्याआधी ती पुण्याच्या कर्जात बुडालेली होती. दोन शहरांनी मिळून तिचं जे केलं, ते 'दोन शहरांचं भांडण' या मथळ्याखाली कधीच मावणार नाही.

आणि शहरं एकमेकांच्या उपयोगाला किती सहज पडतात, तेही सांगतो. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची चिन्हं दिसू लागली. मुंबई आपल्याला मिळावी म्हणून लढणारी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन कुठे झाली? ६ फेब्रुवारी १९५६ रोजी, पुण्यात. आणि या लढ्याची तोफ, म्हणजे आचार्य अत्र्यांचा दैनिक 'मराठा', निघाला मुंबईतून. अत्रे मूळचे सासवडकडचे, पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले. शंभरावर माणसं या लढ्यात गेली. काम पडलं तेव्हा भांडण गुंडाळून ठेवता आलं. मुळशीसाठी ते तसं गुंडाळलं गेलं नाही, कारण मुळशीमुळे कुठल्याच शहराचं काही अडत नव्हतं.

मग पेपरमधलं हे भांडण रीलमधला विनोद कधी झालं? १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला आणि शहराच्या रोजच्या जगण्याची बातमी पहिल्या पानाच्या लायकीची ठरवली. चांगलंच केलं. नळाला पाणी आलं की नाही ही बातमीच आहे. पण त्याचबरोबर 'आमचं शहर' ही विकता येण्यासारखी गोष्ट झाली. पुढे मोठ्या दैनिकांनी गावोगाव आवृत्त्या काढल्या. आज एकाच मालकाचा पेपर मुंबईत मुंबईकराचं स्पिरिट विकतो आणि पुण्यात पुणेकराचा बाणा. दोन्ही अभिमानांचं बिल एकाच ऑफिसात जातं.

विनोदाचं म्हणाल तर पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर रंगमंचावर असे उभे केले की तो साचाच झाला. पु. ल. जन्मले मुंबईत, वाढले पार्ल्यात, शेवटची वर्षं राहिले पुण्यात. दोन्ही घरं त्यांची होती, म्हणून थट्टेत माया होती. साचा आपण घेतला, माया किती घेतली ते तुमच्या कॉमेंट सेक्शनमध्ये बघा.

आता जरा पुणे आणि मुंबई सोडून बाहेर या. बीडला, चिपळूणला, वाशिमला जा आणि कुणालाही विचारा, पोरगा कुठे असतो? उत्तर येतं, 'पुण्या-मुंबईकडे.' एका दमात, एकच शब्द असल्यासारखं. उरलेल्या महाराष्ट्राच्या बोलण्यात ही दोन शहरं वेगळी नाहीतच. पैसा तिकडे, कॉलेज तिकडे, नोकरी तिकडे, आणि आपला मुलगाही तिकडेच. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा कितीतरी गावांनी वेशीवर काठ्या आडव्या लावल्या, तेव्हाही शब्द तोच होता: 'पुण्या-मुंबईची माणसं.' आपण वडापाव-मिसळीवर भांडत होतो तेव्हा तिथून आपण दोघे एकसारखेच दिसत होतो.

मला हे भांडण बंद करायचं नाहीये, हं. मिसळीवर भांडा, पाट्यांवर हसा. माझं म्हणणं एवढंच आहे की पेपरात, चॅनलवर किंवा रीलमध्ये पाण्याचं, विजेचं, जमिनीचं, रस्त्याचं भांडण 'पुणे विरुद्ध मुंबई' म्हणून समोर आलं, की नकाशा काढायचा आणि दोन्ही शहरांच्या मधे कुठली गावं येतात ती वाचायची. त्या गावांची नावं बातमीत नसतील, तर बातमी अर्धीच आहे.

मुळशीचं पाणी आजही पश्चिमेलाच जातं. उन्हाळा आला की हे पाणी पुण्याला द्या अशी मागणी होते. पुण्याला द्या किंवा मुंबईला. मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांना किती, हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर.

तुमच्यातले बरेच जण पावसाळ्यात कोलाडला राफ्टिंगला जातात. पुण्याची गँग असते, मुंबईची गँग असते, एकाच बोटीत बसतात, कुंडलिकेत एकमेकांवर पाणी उडवतात. पुढच्या वेळी बोटीत बसण्याआधी गाइडला विचारा, सकाळी नदीत हे पाणी कुठून सुटतं? तो म्हणेल, भिऱ्याहून. वीज करून झालेलं पाणी आहे ते. भिऱ्याला ते कुठून आलं, हे आता तुम्ही त्याला सांगू शकता.

तर मंडळी, या भागात एवढंच. दोन मोठ्या शहरांच्या मधे तुमचं गाव असंच अडकलेलं असेल, त्याची काही गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली असेल, तर मला नक्की लिहून पाठवा. गावाचं नाव मात्र पूर्ण लिहा. भेटू पुढच्या भागात.